मिठागरावरची हळद

शॉमबर्ग
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ऋषी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी राग ऐक. फोनच केला असता, पण कानात हे नवं यंत्र बसवल्यापासून फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या सोयीनं भरते. म्हणून पत्र. तूही पत्रानंच उत्तर दे. तुमचे ते पिवळे अंगठे पाठवू नकोस.

इथल्या आशियाई चित्रपट महोत्सवाचं परीक्षकपण यंदाही माझ्या गळ्यात पडलंय. महोत्सव चालवते ती चारुता, जन्म इथलाच, मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की इंग्रजीत पळते. तिनं चौदा चित्रपटांच्या लिंका पाठवल्या. एकात पावणेतीन तास एक गृहस्थ खिडकीबाहेर बघतात आणि आपण त्यांच्याकडे. एकात ड्रोन इतका उडवलाय की माणसांचे फक्त भांग दिसतात. हे सगळं मी सोसलं, कारण शेवटी इंडोनेशियाचा चित्रपट होता.

इंडोनेशियावर माझा किती जीव आहे ते तुला माहीत आहे. गेली दहा वर्षं मिळेल तो बघते. ट्यूबलाइटचा हिरवट उजेड हिरवटच ठेवायची त्यांना लाज वाटत नाही. प्रचंड मोठी चौकट, आणि माणूस बिचारा एका कोपऱ्यात, जेवतोय. भुताच्या चित्रपटातही घरातला अंधार खरा असतो, कोपऱ्यात काय ठेवलंय ते घरच्यालाच ठाऊक असावं असा. आपल्याकडे भूत आलं की निळा दिवा लागतो.

तर हा नवा चित्रपट. नावाचा अर्थ 'खारजमीन'. मादुरा बेटावरची मिठागरं. मुलगी शहरातली नोकरी सोडून म्हाताऱ्या बापाकडे येते, आणि त्या वर्षी ढग हटत नाहीत. ऊन नाही, म्हणून पाणी आटत नाही, म्हणून मीठ नाही. गोष्ट एवढीच, आणि सुंदर. पण ऋषी, पडद्यावर काय दिसतं? हळद! आकाश पिवळं, पाणी पिवळं, बापाचं धोतर की लुंगी जे काय असतं ते पिवळं. पात्रं रडतायत की ऊन येत नाही, आणि प्रेक्षकाला टोपी घालावीशी वाटतेय.

कॅमेरा कुणा वुलान प्रास्तिवीचा आहे. बाईचं हे तिसरंच काम म्हणे. तिसऱ्याच कामात गोऱ्या लोकांना आवडेल असा 'उष्ण कटिबंध' विकायला काढला! मी महोत्सवाच्या अंकात तिच्याबद्दल लिहिणार आहे, आणि गोड लिहिणार नाही. तू सिनेमाच्या रंगांचंच काम करतोस. तिनं नेमकं काय बिघडवलंय त्याचे तुमच्या धंद्यातले शब्द मला कळव.

आशीर्वाद. जेवत जा.
वसुधामावशी


बरबँक
१६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्र ऑफिसात वाचलं. उत्तराला आठवडा लागला, सॉरी. देवांगनं, म्हणजे माझ्या बॉसनं, एकाच वेळी तीन शो अंगावर टाकलेत.

शब्द हवेत तर हे घे. शूटिंग झाल्यावर कॉम्प्युटरवर रंग बसवतात त्याला ग्रेडिंग म्हणतात, ते तुला माहीतच आहे. पिवळा-केशरी झुकाव दिला की आम्ही 'वॉर्म केलं' म्हणतो. अंधाऱ्या भागात उजेड ओढून आणला की 'शॅडोज उचलल्या'. फोनवर बघणाऱ्याला दिसावं म्हणून हल्ली सगळेच उचलतात. मग चेहऱ्याची खोली जाते, कातडी प्लास्टिकसारखी दिसते.

पण एक सांगू? तिचं नाव घेऊन नको लिहूस. सिनेमा कॅमेऱ्यातून निघाल्यावर दहा हातांतून जातो. कोणी काय केलं ते बाहेरून कळत नाही. 'रंगसंगती पटली नाही' एवढं लिहून सोडून दे ना. शेवटी टेस्टचा प्रश्न आहे.

आईचा गुडघा बरा आहे. रोज फिरायला जाते असं ती स्वतःच सांगते.

तुझा
ऋषी


शॉमबर्ग
४ मार्च

प्रिय ऋषी,

'टेस्टचा प्रश्न'! तू नऊ वर्षांचा असताना तुला मी पुण्यात फिल्म सोसायटीच्या खुर्चीवर बसवलं ते हे ऐकायला? अमेरिकेत राहून तुझा कणा दह्यासारखा झालाय. कुणी वाईट काम केलं तर त्याचं नाव घ्यायचं असतं. चांगलं केलं तर आपण नाव घेतोच ना?

लेख छापून आला. तुझे शब्द चपखल बसले, 'शॅडोज उचलल्या' तर चारुताला फारच आवडलं. माझ्या इंग्रजीतल्या लेखाचा शेवट तुला मराठीत देते:

'ऊन न आल्यामुळे माणसं उद्ध्वस्त होतात अशा कथेत वुलान प्रास्तिवी यांनी प्रत्येक चौकटीत बादलीभर ऊन ओतलं आहे. आपल्याच माणसांकडे त्यांनी पर्यटकाच्या काळ्या चष्म्यातून पाहिलं. कॅमेरा उचलण्याआधी त्यांनी पटकथा वाचली असती तर उपकार झाले असते.'

जकार्ताच्या एका वेबसाइटनं हे भाषांतर करून छापलं. त्याखाली दोनशे लोकांनी बाईंना हसून घेतलं म्हणे. परीक्षक मंडळातही मी बोलले, आणि छायाचित्रणाच्या पारितोषिकाच्या यादीतून 'खारजमीन' काढला गेला. बाकीचे दोघे परीक्षक मान डोलवण्यापुरतेच आहेत.

आता गंमत ऐक. बाईंची चारुताला मेल आली: 'तुम्ही पाहिलेला चित्रपट कुठला? मी काढलेला चित्रपट पिवळा नाही.' घ्या! पकडलं की सगळेच म्हणतात, मी नव्हतोच तिथं. एप्रिलात त्या महोत्सवाला येणार आहेत. येऊ देत. मी पहिल्या रांगेत असेन.

आशीर्वाद.
मावशी


बरबँक
९ मार्च

मावशी,

ती खरं बोलते आहे. ती हळद मी लावली.

नोव्हेंबरात 'खारजमीन' आमच्याकडे आला. इथं वितरण करणाऱ्या कंपनीनं अमेरिकेसाठी 'फ्रेश' करायला पाठवला होता. मूळ प्रत मी एकट्यानं पूर्ण पाहिली. मावशी, तो सिनेमा राखाडी आहे. पांढरट, ओला राखाडी. आकाश आणि पाणी यांच्यामधली रेघ बऱ्याच ठिकाणी दिसतच नाही. बापाचा चेहरा इतका काळोखात की डोळ्यांची ओल तेवढी कळते. मी खुर्चीतून उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी क्लायंट आला. बेसबॉलची टोपी, हातात स्मूदी. दहा मिनिटं पाहून म्हणाला, "हे तुटलंय का? इतकं ग्रे का आहे?"

मी म्हटलं, "ढगाळ आहे. गोष्टच ढगांची आहे."

"मॅन, हे इंडोनेशिया आहे. हॉट कर. स्क्रीनकडे बघून मला घाम आला पाहिजे."

देवांग हसला. मी विचारलं, "सिनेमॅटोग्राफरला विचारलंय का?"

"ऑल टेकन केअर ऑफ," क्लायंट म्हणाला.

ते खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं. खरंच विचारलं असेल तर माणूस नाव घेतो. त्याला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पण मी पुढं काही बोललो नाही. माझा व्हिसा देवांगच्या सहीवर आहे, हे मी मनात म्हटलं. खरं तर त्या क्षणी व्हिसा आठवलाही नव्हता. खोलीत अवघडलेपण नको, एवढंच होतं. दोन दिवसांत सगळा सिनेमा पिवळा केला. क्लायंटनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला ती आवडली.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तुला शब्द पुरवले. तुझा लेख चार वेळा वाचला. त्यात तिच्या नावाच्या जागी माझं नाव घालून वाचला. बरोबर बसतं.

ऋषी


शॉमबर्ग
१२ मार्च

ऋषी,

आशीर्वाद नाही.

थाप आवडली म्हणतोस. टोपीवाल्या एका माणसाला घाम यावा म्हणून तू एका बाईची दोन वर्षं रंगाच्या डब्यात बुडवलीस आणि वर मला डबा कसा उघडायचा ते शिकवलंस. 'टेस्टचा प्रश्न!' 'दहा हातांतून जातो!' दहा नव्हते रे, दोन होते, आणि त्यांना लहानपणी मी खडू धरायला शिकवलं होतं. तू भित्रा आहेस हे मला ठाऊक होतं. तू चतुर भित्रा आहेस हे नवीन आहे.

आता माझं. तुझ्यावर ओरडून झाल्यावर मी लेख पुन्हा वाचला. कथेत ऊन नाही आणि चौकटीत आहे, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ते लिहिलंही, मोठ्या ऐटीत! यातून कुठल्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं, इतकी उघड चूक कुणी कॅमेरावाली का करेल? मी ते विचारलं नाही, कारण वाक्य चांगलं जमलं होतं.

चारुताकडे गेले, दुरुस्ती छाप म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, आय कान्ट. डिस्ट्रिब्यूटर आमच्यावर वकील सोडेल. आय नीड समथिंग इन रायटिंग." म्हणजे लेखी कुणी द्यायचं, ते तुला सांगायला नको.

मला माफीची पत्रं पाठवू नकोस. माझं काय बिघडवलंस तू? वुलानला लिही. तिचा पत्ता सोबत जोडला आहे.

वसुधा


बरबँक
६ एप्रिल

प्रिय मावशी,

तिला लिहिलं. सगळं, थापेसकट. तीन दिवसांनी उत्तर आलं, तीन ओळींचं. 'सांगितल्याबद्दल आभारी आहे. हेच सही करून, तारखा घालून, तुमच्या नावानिशी पाठवा. माफीबद्दल मला आत्ता वेळ नाही.'

सही करण्याआधी देवांगला सांगितलं. मागून कळण्यापेक्षा समोर बरं. त्यानं दार लावून घेतलं. तो इथंच, अमेरिकेतल्या पार्सिपनीत वाढलाय, चिडला की त्याचं हिंदी बाहेर येतं.

"यार, तू पागल आहेस का? एका फॉरेन फिल्मसाठी? किती लोक बघणार आहेत ती?"

"तिनं बघितली ना," मी म्हटलं.

"तू काही बोललाच नसतास तर कोणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. तिला सगळे हसले असते, बस."

त्यानं टेबलावरचा पेन उचलला. मग म्हणाला, क्लायंट जाईल, मी तुला ठेवू शकत नाही. त्याच्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. तो वाईट माणूस नाही, माझ्याच जातीचा आहे, अवघडलेपण नको असणारा. शुक्रवारी ऑफिसात डोनट आणले, माझ्या 'पुढच्या प्रवासासाठी'. कुणीतरी केकवर लिहितात तसं डब्यावर माझं नाव लिहिलं होतं, तेही चुकीचं.

पत्र गेलं. वुलानच्या निर्मात्यांच्या करारात होतं की रंग बदलायला कॅमेरावालीची लेखी परवानगी लागेल. माझ्या पत्रानंतर इथल्या कंपनीचा आवाज एकदम खाली आला. पिवळी प्रत मागे घेतायत. ती जकार्ताहून मूळ प्रत घेऊन येते आहे.

नोकरी गेली की व्हिसावर राहायला साठच दिवस मिळतात, तेवढेच माझ्याकडे आहेत. त्यात दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर पुणे. आईला मी स्वतः सांगेन, तू सांगू नकोस.

ऋषी


शॉमबर्ग
२८ एप्रिल

प्रिय ऋषी,

काल महोत्सव संपला. क्रमानं सांगते.

शनिवारी दुपारी 'खारजमीन' दाखवला. हॉलमध्ये त्रेचाळीस माणसं, त्यातली अर्धी कॉफीसाठी आलेली. सुरू होण्याआधी मी पुढं जाऊन माइक घेतला. दुरुस्ती अंकात छापून आली होती, पण छापील दुरुस्ती कोण वाचतं? मी म्हटलं, "मी या बाईंवर खोटं लिहिलं. मी वाईट प्रत पाहिली हे कारण पुरेसं नाही. मला शंका यायला हवी होती, पण मीच ती येऊ दिली नाही." मग खाली बसले. एकानं टाळी वाजवायला सुरुवात केली, त्याच्याकडे मी असं बघितलं की त्यानं हात खिशात घातले.

मग चित्रपट. तू लिहिलं होतंस तसाच, आणि त्याहून जास्त. कॅमेरा हलतच नाही. पहिली दहा मिनिटं मला कळेना की आकाश कुठलं आणि मिठागर कुठलं. मग लांबून एक ठिपका येतो, बाप, आणि त्याच्या पायाखाली पाणी हलतं तेव्हा जमीन कळते. तो बांधावर उभा राहून वर बघतो. पिवळ्या प्रतीत ते भर उन्हात डोळे बारीक करणं वाटलं होतं. खरं तर तो ऊन शोधतोय. हाच शॉट मी लेखात 'नाटकी' म्हटला होता. मी, जी पन्नास वर्षं चित्रपट बघते आहे!

नंतर वुलान भेटली. बुटकी, तुझ्याएवढीच, चेहऱ्यावर हसू नाही. मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतली. मग म्हणाली, "तुम्ही आमचे खूप चित्रपट बघता असं चारुता म्हणाली."

"हो."

"मग तुम्हाला वाटलं की मी पटकथा वाचली नाही."

मी मान हलवली.

"टोपीवाला आम्हाला ओळखत नाही. त्याचं मी समजू शकते," ती म्हणाली. "तुम्ही ओळखता. तरी तुम्हाला हेच आधी सुचलं."

ऋषी, आजवर मी शेकडो लोकांवर लिहिलं. पण माझ्यावर इतक्या थोड्या शब्दांत कुणी लिहिलं नव्हतं.

पारितोषिक तिला मिळालं नाही. यादी मार्चातच बंद झाली होती, आणि ती मीच बंद केली होती. ते ड्रोनवाल्याला मिळालं. मी परीक्षकपणाचा राजीनामा दिला. चारुता म्हणाली, "फायनली," आणि मग जीभ चावली.

आज सकाळी वुलानला विमानतळावर सोडायला मीच गेले. माझं ड्रायव्हिंग बघून ती पहिल्यांदा हसली, बहुधा भीतीनं. वाटेत तिनं एक गोष्ट विचारली. ती पिवळी प्रत तिनं चौकट न् चौकट तपासली आहे, भांडायला पुरावा म्हणून. त्यात एकच शॉट तिला जसाच्या तसा सापडला. मुलगी परसात बसून बापाचे चिरलेले पाय धुते तो, अकरा सेकंदांचा. तिथं राखाडी तसंच आहे. मला पहिल्या वेळी ते दिसलंसुद्धा नव्हतं.

"तुमच्या भाच्यानं हा मुद्दाम ठेवला का?" तिनं विचारलं. "तो शॉट माझ्या आजोबांच्या घरी काढला होता. त्याला ते कळलं असेल का?"

तिचा आवाज तेवढ्यापुरता मऊ झाला होता. मी म्हटलं, विचारून कळवते.

तर विचारते आहे. तू तो शॉट वाचवलास का? तसं असेल तर मलाही बरं वाटेल, हे लपवत नाही.

वरची खोली रिकामी आहे. नोकरी शोधायला बरबँकमध्येच बसलं पाहिजे असं नाही. ये. शिव्या खायच्या तयारीनं ये.

आशीर्वाद.
मावशी


बरबँक
१ मे

प्रिय मावशी,

बारा तारखेला येतो. एकच बॅग आहे.

त्या शॉटबद्दल. तुझं पत्र वाचल्यावर मी आधी एक छान पत्र लिहिलं. त्यात होतं की पायांवरचं ते पाणी बघून माझा हात थांबला, निदान एवढं तरी जाऊ द्यावं असं वाटलं. वाचलं तर मलाच खरं वाटायला लागलं. पाठवणार होतो. मग पुसलं.

तो शॉट आमच्याकडे उशिरा, वेगळ्या फाइलमध्ये आला होता. मी बाकीच्यांना रंग लावला तेव्हा तो त्या गटात नव्हता. नंतर कुणी तपासलं नाही, मीही नाही. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि मला घरी जायचं होतं.

वाचवला नाही, मावशी. विसरलो. तिला तसंच कळव.

ऋषी